फळ्याच्या डाव्या कोपऱ्यातला प्रश्न

आमचे सर कुणालाही "काय, बरं आहे ना?" असं विचारत नसत. ज्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं तो प्रश्न विचारून समोरच्याचा वेळ कशाला खायचा, असं त्यांचं म्हणणं. त्याऐवजी ते एस्टीच्या कंडक्टरला विचारायचे, "तुम्ही फाडलेलं पहिलं तिकीट कोणत्या गावाचं होतं?" न्हाव्याला विचारायचे, "तुमचे केस कोण कापतं? आणि तो चुकला तर तुम्ही बोलून दाखवता का?" कंडक्टर विचार करता करता घंटीची दोरी ओढायची विसरायचा आणि गाडी तशीच उभी राहायची. घाटनांदुरात अर्धे लोक सरांना भला माणूस म्हणत, अर्धे चक्रम म्हणत. मी दोन्हीकडे होते. कोणत्या दिवशी कुठे, ते त्या दिवशीच्या प्रश्नावर ठरायचं.

प्रश्न रोज एक. हायस्कूलमध्ये ते आम्हाला मराठी आणि इतिहास शिकवायचे. सकाळी प्रार्थनेच्या आधी येऊन वर्गाच्या फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात, वीतभर चौकटीत, ते चार ओळी लिहून ठेवायचे. हजेरी होईपर्यंत त्यावर बारा ओळी लिहायच्या, त्यासाठी वेगळी वही. विषय कुणातरी थोर माणसाचा असायचा, पण थोर माणसाचं नाव कधीच नसायचं. "एका राजाचा घोडा ज्याने रोज धरला, त्या मोतद्दाराला राजाची कोणती सवय आवडत नसेल?" "एका संताच्या बायकोने आज पिठाचा डबा उघडला आणि तो रिकामा निघाला. ती भजन संपायची वाट बघेल का?" "एका शास्त्रज्ञाला लहानपणी घरच्यांनी दुकानात बसवले. पहिल्या दिवशी त्याने काय चूक केली?" हा शेवटचा मला फार सोपा गेला होता. आमचं किराणा दुकान होतं आणि दुकानात करता येण्यासारख्या सगळ्या चुका मी बाराव्या वर्षापर्यंत करून बसले होते.

नाव न लिहिण्यावर सर हटून असत. एकदा आमच्या वर्गातल्या एका हुशार मुलाने मोतद्दाराच्या उत्तरात राजाचं नाव, जन्मगाव, आईचं नाव, सगळं ओळीनं उतरवलं. सरांनी वही त्याच्यापुढं धरली.

"नाव खोड."

"पण सर, बराबर हाय की! गाइडात तसंच दिलंय."

"म्हणूनच खोड. नाव आलं की तुझं डोकं झोपतं आणि गाइड जागं होतं. घोडा धरणाऱ्याच्या हाताला वास कशाचा येत असेल ते लिही."

तो मुलगा रडकुंडीला आला. त्याला पुढं जिल्ह्याच्या ठिकाणी मोठी नोकरी लागली, तो भाग निराळा. पण त्या दिवशी त्याला घोड्याच्या वासाबद्दल चार ओळी लिहिताना जो घाम फुटला तो मी बघितला आहे. सर मात्र त्याच्याशेजारी बाकावर बसून राहिले, आणि त्याने "लीद व घाम" असं लिहिल्यावर इतके खूश झाले की खिशातला गुळाचा खडा काढून त्याच्या हातावर ठेवला. त्यांच्या नेहरूशर्टाच्या एका खिशात गूळ आणि दुसऱ्यात खडूचे तुकडे असत. घाईत कधी कधी उलटंही व्हायचं. फळ्यावर गूळ घासताना आम्ही त्यांना दोनदा तरी पाहिलं.

शाळेच्या व्हरांड्यात भिंतीवर सुविचार रंगवले होते, पेंटरला वेळ असेल तितके. सर त्यांच्यावरूनही प्रश्न काढायचे. "हे वचन ज्याला पहिल्यांदा ऐकवले, तो तेव्हा काय काम करत होता? त्याचे काम अडले का?" एकदा तपासणीला साहेब आले. त्या दिवशी नेमका खरं बोलण्याबद्दलच्या सुविचाराचा नंबर होता आणि प्रश्न होता, "असे वागून तुमचे कधी नुकसान झाले का?" साहेबांनी पुढच्या बाकावरची एक वही उचलली. तीत लिहिलं होतं की आज साहेब येणार म्हणून दुसऱ्या वर्गातली पोरं आमच्या वर्गात आणून बसवली आहेत, कारण आमची अर्धी पोरं दिवाळीनंतर आईबापांबरोबर उसाच्या तोडीवर गेली आहेत, आणि हे खरं लिहिल्याबद्दल माझं काय नुकसान होईल ते उद्या कळेल. हेडमास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. साहेबांनी ते पान पुन्हा एकदा वाचलं. मग हसले आणि म्हणाले, "चहा सांगा." आमचा जीव भांड्यात पडला. हेडमास्तर सरांशी महिनाभर बोलले नाहीत, आणि सरांना ते महिन्यानंतर कळलं.

त्या तपासणीनंतर वहीच्या बाबतीत सरांनी आम्हाला एक शब्द दिला. "ही वही मी सोडून कोणी वाचणार नाही. तुमचे वडील नाहीत, हेडमास्तर नाहीत, शेजारचा तर नाहीच." वह्या ते स्टाफरूममध्ये आपल्या टेबलाखाली गठ्ठा बांधून ठेवत. गुण देत नसत. तांबडी शाई वापरत नसत. हिरव्या शाईनं शेवटी एक प्रश्न तेवढा लिहीत, म्हणजे आमच्या बारा ओळींवर त्यांची एक ओळ. उत्तर द्यायची सक्ती नव्हती, तरी सगळे देत. त्यांच्या त्या शब्दावर आम्ही किती काय काय लिहून बसलो होतो ते आता आठवलं तरी अंगावर काटा येतो.

मी दहावीत होते. आमच्या अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझी सोयरीक जवळजवळ पक्की केली होती. मुलगा तलवाड्याचा, कापडाचं दुकान, आमच्यातलाच. ते लोक बघून गेले होते, पोहे खाऊन गेले होते, आणि संक्रांतीला तिळगूळ घेऊन परत येणार होते. उन्हाळ्यात परीक्षा संपली की बार उडवायचा, असं ठरत होतं. अप्पा वाईट नव्हते. सकाळी कपाळाला विभूती लावून, गळ्यातल्या लिंगाची पूजा करून दुकानात बसले की रात्री उठेपर्यंत आवाज चढवायचे नाहीत. पण त्यांना उलट कोणी बोलत नसे. शेजारच्या गल्लीतल्या एका मुलीनं घरात "इतक्यात लग्न नको" म्हटलं होतं, तर तिची शाळा दुसऱ्या दिवशी बंद झाली. मला अंबाजोगाईच्या कॉलेजात जायचं होतं. हे मी आईलाही सांगितलं नव्हतं.

आणि डिसेंबरात एक दिवस फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात आलं: "एका सासऱ्याने आपल्या सुनेला राज्याचा कारभार शिकवला. तुमच्या घरात कोणाला काय शिकवायचे राहिले आहे?"

मी बारा ओळींत थांबलेच नाही. लिहिलं की आमच्या घरात मला शिकवायचं राहिलं आहे. मला तराजू धरता येतो, पण कॉलेजात जायला मिळणार नाही. तलवाड्याच्या लोकांना मी पसंत आहे. ते मला पसंत आहेत का, हे कोणी विचारलं नाही. आमचे अप्पा वाईट नाहीत, पण ते त्या सुनेचे सासरे असते तर त्यांनी तिला चहा करायला बसवलं असतं. खाली सरांनी हिरव्या शाईत लिहिलं, "हे अप्पांना माहीत आहे?" त्याखाली मी लिहिलं, "नाही. आणि त्यांना सांगायचे नाही."

संक्रांतीच्या आधी सरांची टेबल आवरायची पद्धत होती. जुनी वर्तमानपत्रं, उत्तरपत्रिका, फाटकी गाइडं, सगळी रद्दी सुतळीनं बांधून ते सायकलच्या कॅरिअरवर घालून स्वतः आमच्या दुकानात आणायचे आणि त्या बदल्यात अप्पा शाळेला खडूची पेटी आणि शाईची बाटली द्यायचे. त्या वर्षी शिपायाशी बोलत बोलत गठ्ठे बाहेर काढताना त्यांनी एक गठ्ठा जास्तीचा उचलला. शिपायाला विचारत होते म्हणे, की घंटा वाजवताना तुला कधी पाच मिनिटं आधी वाजवावीशी वाटली का. त्या प्रश्नाच्या नादात आमच्या वर्गाच्या वह्या रद्दीत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वर्गात आले तेव्हा पांढरेफटक पडले होते. फळ्याचा कोपरा कोरा होता.

"मी चूक केली," ते म्हणाले. "वह्या रद्दीत गेल्या. मी तुम्हाला शब्द दिला होता."

वर्गात कोणी हसलं नाही. मी तर बाकाला धरून बसले होते. रद्दी कुठे गेली हे वर्गात मला सगळ्यात आधी कळलं होतं.

मग त्यांनी खडू घेतला, पहिल्यांदा गूळ निघाला, तो परत ठेवला, आणि कोपऱ्यात लिहिलं: "आज तुमच्या घरी जी पुडी सुटेल तिचा कागद जपून ठेवा आणि उद्या आणा. वाचायचा नाही. वाचला तर बोलायचा नाही."

दुपारच्या सुट्टीत मी धावत दुकानात गेले. तेव्हा नुकत्याच शांपूच्या माळा आणि गुटख्याच्या पट्ट्या दुकानासमोर लटकायला लागल्या होत्या, शेजारी एसटीडीचा बूथ उघडला होता, पण जिरं-मोहरी-साखर अजून कागदाच्या पुडीतच जायची. अप्पांनी निम्म्या वह्या सुट्या केल्या होत्या. मी म्हटलं, "सरांनी चुकून दिल्या, परत पायजेत." अप्पांनी काही न विचारता उरलेल्या वह्या आणि सुटी पानं माझ्यापुढे सारली. "काल सांजच्यापासून बऱ्याच गेल्या बघ," एवढंच म्हणाले. माझी वही सुट्या झालेल्यांत होती. मी पानं चाळली. डिसेंबरचं ते पान त्यात नव्हतं.

संध्याकाळी सर दुकानात आले. मी आतून, दुकान आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या दाराआडून बघत होते.

"अप्पा, जिरं पन्नास ग्रॅम."

अप्पांनी सकाळी बांधून ठेवलेल्या पुड्यांतली एक दिली. सरांनी तिथेच ती सोडली, जिरं पिशवीत ओतलं, कागद उलटसुलट बघून घडी करून खिशात घातला.

"मोहरी पन्नास."

तसंच.

"धणे. ओवा. खसखस. बडीशेप. साबुदाणा."

सगळं एकाच पिशवीत. अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला. "सर, सासुरवाडीची मंडळी आली का काय? एवढं काहून न्यायलात? आन् एका पिशवीत? निवडायला लई ताप व्हईल."

"बायको पालीला असते. तिला निवडायचं काम आवडतं," सर म्हणाले.

ही माझ्या माहितीतली त्यांची एकमेव थाप. बीडजवळच्या पालीला राहणाऱ्या त्या माउलीनं रविवारी त्या पिशवीचं काय केलं आणि सरांचं काय केलं, ते सरांनी कधी सांगितलं नाही. असं ते सहा दिवस येत राहिले. दुकानातल्या सगळ्या जिनसा झाल्या तेव्हा परत जिऱ्यापासून सुरुवात केली.

आणि पोरांनी कागद आणले. हळदीचे पिवळे, तेलाचे डाग पडलेले, एकाला तर मिरचीची पूड लागलेली, तो वर्गभर शिंकांचा दिवस झाला. सर मधल्या सुट्टीत बसून पानं जुळवायचे आणि जाड दोऱ्यानं वह्या परत शिवायचे. तोडीवर गेलेल्या पोरांच्या वह्यासुद्धा त्यांनी शिवल्या. ती पोरं पावसाळ्याच्या तोंडी परतणार होती, त्यांना काही कळणारही नव्हतं, पण सरांनी एक पान सोडलं नाही. संक्रांत झाल्यावर आठवड्याभरात सगळ्या वह्या पुऱ्या झाल्या. फक्त माझ्या वहीतलं एक पान कमी होतं. कोणतं, ते सरांना सांगावं लागलं नाही.

त्या दिवसांत मी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचे. हा वाचून आला असेल का? ही हसली ती कशाला? त्यात तलवाड्याचे लोक संक्रांतीला आलेच नाहीत. आई म्हणाली, "न्हाई येणार." का, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला खात्रीच झाली की पान फिरत फिरत तिथवर पोचलं आणि आता अप्पांना सगळं कळणार. रोज शाळेत जाताना वाटायचं, हा शेवटचा दिवस. अप्पा माझ्याशी कमी बोलत होते. भाकरी वाढताना "बास" म्हणायचे, तेवढंच.

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर सर आले. दुकानात कोणी नव्हतं. त्यांनी पिशवी आणली नव्हती. मी दाराआड गेले.

"अप्पा, मला आज काही नको. मी तुमच्या मुलीला एक शब्द दिला होता आणि तो माझ्या हातून मोडला. तिच्या वहीतलं एक पान तुमच्या दुकानात आलंय. सापडलं तर न वाचता मला द्या. एवढं कराच."

 अप्पांनी बसायच्या गादीचा कोपरा उचलून चौघडी केलेला कागद काढला आणि तराजूच्या पारड्यात ठेवला.

"न वाचता कसं देऊ, सर? मी हरेक कागद बघतो. द्येवाचं चित्र असलं, द्येवाचं नाव असलं, तर त्याची पुडी बांधत न्हाई. कुणाच्या पायाखाली याया नको. हे पान पैल्याच दिशी घावलं."

 म्हणजे इतके दिवस ते पान माझ्यापासून दहा पावलांवर, अप्पांच्या खाली होतं.

"मग तुम्ही मला इतके दिवस जिरं काहून विकलंत?" सरांच्या तोंडून आपोआप आमची भाषा निघाली.

"तुमी मागितलं म्हणून." अप्पा हसले नाहीत. "सर, चहा करायला बसिवलं असतं म्हणे. ते वाचलं आन् दोन दिस मला चहाच ग्वाड लागला न्हाई. तलवाड्याला मी निरोप धाडला. पोरगी बारावी हुईपर्यंत दम धरा म्हणलं. त्यास्नी घाई. न्हाई म्हणले. मिटलं."

"तिला सांगितलंत?"

"तिनं मला सांगितलं का?" अप्पांचा आवाज पहिल्यांदा चढला आणि लगेच खाली आला. "आं? कागदाला सांगितलं. तुमाला सांगितलं. वर लिवलं, त्यास्नी सांगायचं न्हाई. मी काय वाघ हाय व्हय, सर?"

सरांनी चष्मा काढला.  "यात माझंही चुकलं, अप्पा," ते म्हणाले. "मी लिहायला शिकवलं आणि तिथेच थांबलो."

मला वाटत होतं की लग्न मोडलं या आनंदानं ओरडावं, पण कानात अप्पांचं ते वाघाचं वाक्य होतं. इतके दिवस मला त्यांच्या रागाची भीती होती. ते दुखावतील, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याची लाज मला आजही वाटते.

"आत हुबी हायेस ते म्हाईत हाय मला," अप्पा मागे न वळता म्हणाले. "भाईर ये."

मी गेले. त्यांनी पारड्यातला कागद माझ्या हातात दिला. सर शांपूच्या माळेकडे तोंड करून उभे राहिले, जणू आज त्यांना शांपू घ्यायचा होता.

"हे तुझं हाय, ठिव. मी वाचलं न्हाई असं समज," अप्पा म्हणाले. "आता तोंडानं सांग."

 कागदावर ते भराभरा उतरलं होतं. एकदा "अप्पा" म्हटलं आणि थांबले. तेवढ्यात एक बाई दुकानाच्या पायरीवर आल्या आणि नेहमीच्या घाईनं म्हणाल्या, "चहापत्ती द्या वं अप्पा, चूल पेटवून आले."

आलेल्या गिऱ्हाइकाला अप्पांनी कधी उभं करून ठेवलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी बाईंकडे बघितलंसुद्धा नाही. नुसता हात वर केला.

"जरा थांबा, ताई. पोरगी बोलायलीय."

मग मी बोलले.